चार कप्प्यांचं वारूळ

मोगरीच्या पोटावरचे खवले तपकिरी पडलेले दिसले ते 2023 च्या डिसेंबरातल्या एका सकाळी. पाण्याची वाटी बदलायला तिला उचललं तर पोटाच्या मधोमध, साधारण चार बोटं रुंदीचा पट्टा, भाकरी करपल्यासारखा दिसत होता. हात लावला की ती अंग आखडून घ्यायची. बॉल पायथन हा शांत साप. घाबरला की डोकं मधे घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. त्या दिवशी तिला नीट गुंडाळताही येत नव्हतं.

चूक माझीच होती. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. सापांची खोली म्हणजे आजोबांच्या काळातली मागाची खोली. उन्हाळ्यात तिथं गार वाटतं म्हणून मी ती निवडली, आणि हिवाळ्यात तीच गोष्ट अंगाशी आली. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोलीतला पारा सोळावर येतो. आफ्रिकेच्या उष्ण भागातल्या प्राण्याला ते झेपणारं नाही. म्हणून मी पेटीखाली कंबर शेकायचा विजेचा पॅड ठेवला होता. त्याला तापमान ठरवायची सोय नव्हती, कमी आणि जास्त एवढीच बटणं. वरून हात लावला तर कोमट वाटायचा. पण मोगरी दोन दिवस एकाच जागी त्याच्यावर वेटोळं घालून पडली होती, आणि तिच्या दीड किलो वजनाखाली ती ऊब कुठं जाणार? आतच साठत गेली.

बऱ्याच जणांनी विचारलं, भाजत असताना साप तिथून हलला का नाही. पेटीतली बाकीची हवा थंड असेल तर साप अंग तापेपर्यंत गरम जागा सोडत नाही. खालून कातडी पोळत असते आणि वरचं अंग अजून गारच असतं. माणूस चटका बसला की हात मागे घेतो, तशी अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येत नाही. ऊब किती द्यायची हे पाळणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

डॉक्टरांनी जखमेवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम दिलं आणि खालचा सगळा भुसा काढून कोरा कागद अंथरायला सांगितलं. रोज कागद बदलायचा, रोज मलम. पहिली कात टाकली तेव्हा करपलेला थर कातीबरोबर निघाला आणि खाली गुलाबी, सुरकुतलेली कातडी दिसली. चौथ्या कातीनंतर खवले पुन्हा ओळीत बसले, फक्त एका जागी अजून थोडे वेडेवाकडे आहेत. तेवढ्यात जून उजाडला. त्या सहा महिन्यांत मी ठरवलं होतं की पुढचा हिवाळा यायच्या आत सापांसाठी नीट, तापमान धरून ठेवणारं घर, म्हणजे रॅक, स्वतः बांधायचं.

आमच्याकडं तेव्हा तीन साप होते आणि आजही तीनच आहेत. मोगरी आणि काळू हे बॉल पायथन, आणि जोंधळी ही कॉर्न स्नेक. नावं आईनं ठेवली. जोंधळीच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या दाण्यांची नक्षी आहे, ती बघून आईला कणीस आठवलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, कारण आमच्या गल्लीतल्या पोरांनी ती विचारली आणि काहींना खरंच ठाऊक नव्हती. आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळता येत नाही. नाग, धामण, अजगर, अगदी निरुपद्रवी दिसणारा दिवडसुद्धा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण दिलंय आणि शेतात सापडलेला साप बरणीत ठेवणं हा गुन्हा आहे. परदेशी प्रजातींचं वेगळं. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. 2022 च्या सुधारणेनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते आणि 2024 च्या फेब्रुवारीत तिचे नियम आले. मी मोगरी आणि काळूची नोंद जुलैमध्ये परिवेश पोर्टलवर केली. कागद पूर्ण असल्याशिवाय प्लायवूड विकत आणायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं.

आता रॅक म्हणजे काय. खणांच्या कपाटासारखा सांगाडा, प्रत्येक खणात झाकण नसलेला प्लास्टिकचा डबा. वरची फळी हेच डब्याचं झाकण. डबा ओढला की साप समोर. मोकळ्या काचपेटीत बॉल पायथन कोपरा शोधत फिरतो, कित्येकदा खायचं बंद करतो. निसर्गात तो दिवसभर उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात बसून असतो, त्यामुळं बुटका, अंधारा, अंगाला भिंत लागणारा डबा त्याला मानवतो. तरीही रॅक हे सापासाठी सगळ्यात उत्तम घर आहे असं मी म्हणणार नाही. जोंधळीला चढायला आवडतं, तिला संध्याकाळी मी दोन तास फांद्यांच्या मोठ्या पेटीत सोडतो. कपाटात डबे कोंबून वीस-वीस साप ठेवणं मला पटत नाही. डबा निदान एवढा हवा की साप त्यात एक बाजू तापलेली आणि एक बाजू गार अशा दोन जागा निवडू शकेल.

आईला कागदावरचं चित्र दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “हे वारूळच की रे. खरं वारुळाला दार नसतंय, तू दार कसं करूलालास?” दार म्हणजे डब्याची पुढची बाजू, हे तिला समजावलं. त्या दिवसापासून घरात त्याला रॅक कुणी म्हटलं नाही.

आधी डबे घ्यायचे, मग माप काढायचं. उलट केलं तर लाकूड वाया जातं. पलंगाखाली सरकवायचे असतात तसे बुटके डबे घेतले. लांबी 85 सेंटिमीटर, रुंदी 45, उंची 16. चाकं काढून टाकली. चाकांवर डबा उचललेला राहिला तर खालून येणारी धग तळाला लागणारच नाही. तळ सपाट आहे का हे दुकानात फरशीवर ठेवून तपासलं. ज्यांच्या तळाला जाड कंगोरे होते ते परत ठेवले. हवे होते चार, घेतले सहा. असे डबे वर्षभरात बाजारातून जातात आणि त्याच मापाचे पुन्हा मिळत नाहीत.

हिशेब असा: डबा 16 सेंटिमीटर, त्यावर तीन मिलिमीटरची फट, असे चार थर, आणि 18 मिलिमीटरच्या पाच फळ्या. एकूण उंची 74 सेंटिमीटर आणि थोडी वर. प्लायवूड दीड शीट लागलं, पाण्याला टिकणारं, आयएस 710 चा शिक्का असलेलं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्त पडलं असतं, पण सापाच्या डब्यात रोज पाणी सांडतं आणि एमडीएफ ओलं झालं की फुगतं.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतो, माप घ्यायची सवय हाताला आहे. पण लाकडाची नाही. म्हणून अनगोळचे एक सुतारकाका बोलावले. कशासाठी ते सांगितल्यावर ते जरा थबकले आणि मग रंधा खाली ठेवून म्हणाले, “सापांसाठी म्हंता? करू की. खरं फट किती ठेवूचं ते तुमी सांगा, ते माझ्यावर टाकू नका.” मला त्यांचं हे फार आवडलं. तीन मिलिमीटर, सगळीकडं सारखी. फट जास्त झाली तर साप नाक घालून फळी उचलायला बघतो, आणि कमी झाली तर पावसाळ्यात प्लाय फुगून डबा अडकतो. आम्ही तीन मिलिमीटर जाडीची पट्टी कापून घेतली आणि प्रत्येक फळी तिच्यावर टेकवूनच ठोकली.

काम सुरू झालं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस नुसता कोसळत होता. 9 तारखेला नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडं चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, खणायचं नाही. मी सकाळी ड्रिलची पेटी उघडली आणि आई दारात उभी. “आज न्हवे,” एवढंच म्हणाली. काका पण आले नाहीत. कुंभाराकडून आणलेला मातीचा नाग पाटावर होता, त्याच्यापुढं लाह्या आणि दूध. मी अर्धवट सांगाड्याशेजारी बसून दिवसभर फक्त वायरिंगचं चित्र काढलं. त्या दिवसाच्या सक्तीच्या विश्रांतीनंच पुढची एक चूक वाचवली, कारण चित्र काढताना लक्षात आलं की वरच्या आणि खालच्या कप्प्यांना एकाच थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून वीज चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकावर, ठेवणं बरोबर नाही.

कारण ऊब वर चढते. खालच्या कप्प्याची धग वरच्याला मिळते, त्यामुळं एकच नियंत्रक असला तर सगळ्यात वरचा कप्पा एक-दोन अंशांनी जास्त तापतो. शिवाय बॉल पायथनला गरम बाजूला 31–32 अंश लागतात आणि गार बाजूला 25–26. कॉर्न स्नेकला गरम बाजू 29 पुरते. मग वरचे दोन कप्पे पायथनचे, त्यांचा एक थर्मोस्टॅट. खालच्या दोनांतला एक जोंधळीसाठी आणि एक रिकामा, त्यांचा दुसरा. रिकामा कप्पा आजारी किंवा नव्या सापाला वेगळं ठेवण्यासाठी.

धग कशानं द्यायची यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बल्ब बाद, कारण कप्प्यात जागा नाही आणि बल्बनं हवा कोरडी पडते. अमेरिकेत रॅकसाठी वापरतात ती चपटी हीट टेप मिळत होती, पण ती 110 व्होल्टची. आपल्या 230 व्होल्टला ती लावली तर साधारण चौपट ताकदीनं तापेल, म्हणजे सरळ आग. ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात काही जण. मला घरात अशी वस्तू नको होती जी एका चुकीच्या प्लगनं पेट घेईल. शेवटी 230 व्होल्टची सिलिकॉनचं आवरण असलेली हीटिंग केबल घेतली. एकेक तुकडा साडेचार मीटरचा, 25 वॅटचा. कप्प्याला एक.

या केबलबद्दल दोन गोष्टी. लांब वाटली म्हणून ती कापायची नाही. तिची लांबी म्हणजेच तिचा रोध, विजेला होणारा अडथळा. अर्धी केली की रोध अर्धा, वीज दुप्पट, आणि प्रत्येक सेंटिमीटरला पडणारी धग चौपट. मलाही एका कप्प्यात ती जास्त वाटत होती आणि पक्कड हातात होती. दुसरं, ती स्वतःवरून कुठंही ओलांडू द्यायची नाही. जिथं दोन पदर एकावर एक येतात तिथं आवरण वितळतं.

फळीच्या मागच्या तिसऱ्या भागात, म्हणजे सुमारे 28 सेंटिमीटर खोलीच्या पट्ट्यात, काकांनी राउटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रानं, नागमोडी खाच पाडली. एका ओळीपासून दुसरी तीन सेंटिमीटरवर. केबल त्यात अंगासरशी बसली. वर एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. तो आमच्याच शॉपमधून कापून आणला, कडा कानशीनं गोल केल्या आणि फळीत एक मिलिमीटरची खोलगट जागा करून त्यात बसवला, म्हणजे डबा सरकताना कुठं अडकत नाही. पत्र्याचं काम धग सारखी पसरवणं. तो नसेल तर केबलच्या रेषेवर चटका आणि दोन रेषांच्या मधे गारठा. पण धातू आणि वीज जवळ आली की अर्थिंग आलंच. चारही पत्रे हिरव्या वायरनं अर्थला जोडले आणि सगळ्या रॅकला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, लावला. सापाची पाण्याची वाटी उलटते, आणि ती उलटणार हे धरूनच वायरिंग करायचं. हे काम मी माझ्या हातानं केलं तरी चालू करायच्या आधी शॉपमधल्या इलेक्ट्रिशियनला घरी आणून दाखवलं. तो रामदुर्गकडचा, कन्नड बोलणारा. कप्पे बघून “हावु? खरे हावु?” (साप? खरंच साप?) असं दोनदा विचारलं, आणि मग प्रत्येक जोड हातानं ओढून तपासला. एक सैल निघाला.

थर्मोस्टॅट घेतला तो साधा डिजिटल, रिलेवर (विजेनं हलणाऱ्या बटणावर) चालू-बंद होणारा. ठरवलेल्या तापमानाला पोचला की बंद, अर्धा अंश उतरला की चालू. त्याहून भारीतले असतात जे वीज थोडी-थोडी कमी करत नेतात, पण आमच्या घरचा तेव्हाचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा होता आणि त्यावर तसले नीट चालत नाहीत. पत्र्याच्या जाडीमुळं अर्ध्या अंशाचा चढउतार डब्यात जाणवतही नाही.

सेन्सर कुठं ठेवायचा? डब्याच्या आत ठेवला तर साप त्याला ढकलतो, त्यावर मुततो, पाणी सांडतो. मग पत्रा आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये. पण पत्र्याचं तापमान म्हणजे सापाला लागणारं तापमान नव्हे. मधे प्लास्टिक आहे, वर कागद किंवा नारळाचा भुसा. माझ्याकडं पत्रा 36 ठेवला तर डब्याच्या आतली जागा 32 होते. हा चार अंशांचा फरकही कायमचा नाही. खोली गार झाली की तो वाढतो. म्हणून सेन्सर पत्र्यावर, आणि खरं तापमान बघायला दुसरा स्वतंत्र थर्मामीटर डब्याच्या आत. निर्णय आतल्या आकड्यावर घ्यायचा.

इथं मला एक दिवस चकवा लागला. तापमान मोजायची लाल ठिपक्याची बंदूक पत्र्यावर रोखली तर 27 दाखवत होती. थर्मोस्टॅट म्हणत होता 36. मी थर्मोस्टॅट खराब समजून आकडा वाढवायला निघालो होतो. मग हात लावला आणि चटकन कळलं की पत्रा चांगलाच तापलाय. ही बंदूक वस्तूतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजते, आणि चकचकीत ॲल्युमिनियम ती फार कमी सोडतं. समोरच्या गार छताचीच किरणं परत पाठवतं. पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोन चिकटवला आणि त्याच्यावर बंदूक रोखली, तर 35.8. त्या दिवशी बंदुकीवर विश्वास ठेवून आकडा वाढवला असता आणि डब्यात मोगरी असती तर डिसेंबर पुन्हा आला असता.

ती नव्हती, कारण रिकामा रॅक सात दिवस चालवायचा आणि त्याआधी एकही साप आत घालायचा नाही, हे मी आधीच भिंतीवर लिहून ठेवलं होतं. प्रत्येक डब्यात सापाच्या ऐवजी दीड लिटर पाण्याची बाटली आडवी ठेवली, म्हणजे तळावर वजन पडतं आणि खाली धग कशी साठते ते कळतं. आईनं जुन्या वहीत रकाने आखले. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. मी कामावर असताना दुपारचा आकडा तिनं लिहायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. “दुसऱ्या कप्प्यात 47 दाखवतंय. मी प्लग काढून टाकले.” मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो. सकाळी डबा ओढताना सेन्सरची वायर त्याच्या कडेला अडकून बाहेर आली होती आणि सेन्सर कप्प्याच्या तोंडाशी, गार हवेत लोंबत होता. त्याला खोलीचं तापमान दिसत होतं, 24. तो 36 व्हायची वाट बघत केबल चालूच ठेवत होता, आणि ते कधीच होणार नव्हतं. बाटलीतलं पाणी चहा करण्याइतकं नाही, पण हात बुडवला तर पटकन काढावासा वाटेल इतकं तापलं होतं. मी बराच वेळ ती बाटली हातात धरून बसलो.

थर्मोस्टॅट बिघडला नव्हता. त्यानं सांगितलेलं काम चोख केलं. चूक रचनेत होती: एकाच सेन्सरच्या भरवशावर सगळं सोडलं होतं. मग दुरुस्ती दोन प्रकारे केली. सेन्सरचं टोक पत्र्याला उष्णता सोसणाऱ्या टेपनं आणि वर छोट्या ॲल्युमिनियमच्या क्लिपनं, स्क्रू मारून धरलं. वायर फळीच्या खालून वेगळ्या खाचेतून मागं नेली, म्हणजे डब्याचा तिला स्पर्शच नाही. आणि प्रत्येक जोडीला दुसरा थर्मोस्टॅट लावला, पहिल्याच्या मागोमाग एकाच ओळीत. त्याचे सेन्सर वेगळ्या जागी, आणि आकडा 40. पहिला थर्मोस्टॅट फसला, किंवा त्याच्या रिलेचे काटे चिकटून राहिले (स्वस्त रिलेचं ते हमखास होतं), तर 40 ला दुसरा वीज तोडतो आणि भोंगा वाजवतो. खर्च थोडा वाढला. रॅक करणाऱ्या कुणालाही मी सांगेन की लाकूड हलकं वापरा, डबे जुने वापरा, पण दुसरा थर्मोस्टॅट गाळू नका.

नंतर मी मुद्दाम पहिल्याचा सेन्सर काढून लोंबता ठेवला आणि शेजारी घड्याळ घेऊन बसलो. 40 ला भोंगा वाजला. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “वाजलं न्हवे?” सात दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केली.

मधल्या काळात बाकीची कामं उरकली. लाकडाला पाण्यात मिसळणारं पॉलिश तीन हात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत दोन आठवडे थांबलो. डब्यांना हवेची भोकं सोल्डरिंग आयर्ननं पाडली. ड्रिलनं हे प्लास्टिक तडकतं. भोक आतून बाहेर पाडायचं, म्हणजे वितळलेली खरखरीत कड बाहेर राहते आणि सापाचं नाक सोलत नाही. धूर वाईट असतो, हे काम अंगणातच करावं. भोकं आधी कमी ठेवली होती, पण बेळगावच्या पावसात खोलीतली हवाच इतकी ओली की डब्याच्या भिंतींवर थेंब जमले. दर बाजूला आठाची चौदा केली तेव्हा आर्द्रता साठच्या आसपास आली, जी पायथनला हवी असते.

गणपती उठले आणि त्यानंतरच्या रविवारी, 22 सप्टेंबरला, मोगरीला तिच्या कप्प्यात ठेवलं. ती जीभ हलवत सगळीकडं फिरली, पाण्याच्या वाटीवर थांबली, मग मागच्या बाजूला जाऊन भिंतीला अंग लावून बसली. मी रात्री तीनदा उठून डबा दोन बोटं ओढून बघितला. आईनं शेवटी टॉर्च काढून घेतला. मोगरीनं त्या आठवड्यात उंदीर घेतला. भाजल्यापासून ती खाण्याच्या बाबतीत फार मागं-पुढं करायची, आणि पोटाखाली ऊब नसेल तर खाल्लेलंही सापाला पचत नाही, ओकून टाकतो.

ऑक्टोबरात एक नवी अडचण आली. पाऊस थांबला, लाकूड वाळलं आणि खालून धग मिळत राहिल्यानं तिसऱ्या कप्प्यावरची फळी मधोमध वर उचलली गेली. फट मोजली तर तिनाची पाच. जोंधळी अंगठ्याएवढी जाड आहे, ती तिथून जाणार नाही, पण नाक खुपसून फळीला घासायला लागली होती. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला ॲल्युमिनियमचा अँगल ठोकला आणि फळी सरळ झाली. हा अँगल मी पहिल्याच दिवशी लावायला हवा होता.

खरी परीक्षा होती डिसेंबरची. पहिल्या थंडीच्या पहाटे चार वाजता उठून पाहिलं: खोली 16, पायथनच्या डब्यात गरम बाजू 30 आणि गार बाजू 20. गरम बाजूचा आकडा वाढवून उपयोग नव्हता, कारण गार बाजू तिच्या जागीच राहणार आणि साप पुन्हा एकाच ठिकाणी चिकटून बसणार; मोगरीचं तेच झालं होतं. उपाय खोलीकडूनच करायला हवा होता. रॅकच्या मागं आणि दोन्ही बाजूंना दोन इंची थर्मोकोल लावला, रॅक भिंतीपासून चार बोटं पुढं ओढला, खिडकीच्या फटी कापडाच्या पट्ट्यांनी बुजवल्या आणि कौलांखाली ताडपत्रीचं छत केलं. खोली 19 च्या खाली जायची थांबली. सगळ्यात थंड दहा-बारा रात्री तेलाचा हीटर लावला, रॅकपासून लांब. गार बाजू 23–24 वर टिकली. पंचवीस नव्हे, पण जोडीला गरम बाजू 31 होती आणि मोगरी रात्रीत दोन्हीकडं ये-जा करत होती. कागदावरच्या खुणांवरून ते कळायचं. एवढंच मला हवं होतं.

विजेचं म्हणाल तर चार कप्पे मिळून 100 वॅट, थंडीत अर्धा वेळ चालू धरलं तर दिवसाला सव्वा युनिटच्या आत. पण वीज जाते तेव्हाचं काय? जुना इन्व्हर्टर बदलून साइन लहरीचा घेतला, तो या भारावर रात्रभर टिकतो. तो यायच्या आधी एकदा रात्री आठ तास वीज नव्हती. आईनं गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून डब्यांच्या बाहेर, कप्प्याच्या मागं सारल्या आणि वर घोंगडं टाकलं. सकाळी गरम बाजू 26 होती. बाटली डब्याच्या आत ठेवायची नाही, हे तिनं मला न विचारता ओळखलं.

वही अजून चालू आहे, तिसरी. आता दिवसातून दोनदाच लिहितो. परवा पहिली वही बघत होतो तर 9 ऑगस्टच्या तारखेखाली, मी वायरिंगचं चित्र काढत बसलो होतो त्या दिवशी, आईच्या अक्षरात एक ओळ सापडली. तेव्हा रॅकला वीजही जोडलेली नव्हती. तिनं खोलीचं तापमान लिहून ठेवलं होतं, 23, आणि पुढं लिहिलं होतं: मोगरी बरी.